लिहून घेणार

"भिंतीला ओल आहे," असं मी म्हणालो आणि त्या एका वाक्याचे दीड लाख रुपये कापले.

कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतलं घर. खाली दोन खोल्या, वर माळा, मागं न्हाणी आणि फरशी घातलेलं चार पावलांचं परसू. समोर दोघे भाऊ बसले होते. थोरले साठीला टेकलेले, धाकटे पन्नाशीतले. आई आधीच गेलेली, वडील जाऊन दीड वर्ष झालेलं. थोरले पुण्याला मुलाकडे राहायला जाणार होते, धाकट्यांनी उपनगरात बंगला बांधला होता. घराचे साठ सांगितले होते. मी एक्कावन्नला मागितलं आणि का ते सांगताना मागच्या भिंतीकडे बोट केलं. थोरल्यांनी त्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "तिथं बाबांची खाट असायची."

एवढंच. त्या वाक्याचा किमतीशी काही संबंध नव्हता. मी मान हलवली आणि गप्प बसलो, कारण यूट्यूबवरच्या सगळ्या व्हिडिओंत सांगतात की आकडा टाकल्यावर पुढचं वाक्य समोरच्याला बोलू द्यायचं.

घरी जाताना बिंदू चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली आणि माझ्या लक्षात आलं की हा प्रसंग मला माहीत आहे. वडील गेलेत, भाऊ एकत्र बसलेत, घर पडायला आलंय, कुणी पैशाचं बोलतंय आणि कुणी भिंतीकडे बघतंय. हे मी वाचलंय. फरक एवढाच की वाचताना मी भिंतीकडे बघणाऱ्याच्या बाजूला बसलो होतो.

●

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' मी पहिल्यांदा वाचलं ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. स्पर्धेसाठी संहिता शोधत होतो. हे नाटक आम्हाला झेपणारं नव्हतं, हे पहिल्या दहा पानांतच कळलं, तरी पुस्तक परत द्यायच्या आधी दोनदा वाचलं. हे नाटक १९८५ मध्ये विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलं. पुढं 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' लिहून एलकुंचवारांनी त्याची त्रिनाट्यधारा केली आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं सलग उभी केली.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विदर्भातल्या धरणगावात देशपांड्यांचा वाडा आहे. घरचे कर्ते तात्याजी गेलेत. तेराव्यापर्यंत सगळे एकत्र जमलेत. थोरला भास्कर आणि वहिनी वाड्यात राहून सगळं रेटतायत. सुधीर आणि अंजली मुंबईहून आलेत. धाकटा चंदू घरासाठी राबतो. बहीण प्रभा हिला शिकायचं होतं, तिला शिकू दिलं नाही. आई आहे, म्हातारी दादी आहे, भास्करची मुलं पराग आणि रंजू आहेत. दारात एक बंद पडलेला ट्रॅक्टर आहे. खानदानी दागिन्यांचा डबा आहे. इभ्रत मोठी आणि हातात पैसा नाही, त्यात तेराव्याचा खर्च. शेवटी रंजू दागिने घेऊन मास्तरासोबत पळून जाते.

कॉलेजात असताना मला यातलं सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर रात्री वहिनी अंगावर दागिने चढवते तो प्रसंग. त्या सोन्यावर एका बाईचं सगळं आयुष्य तोललेलं आणि ते सोनं एका रात्रीपुरतं तिच्या अंगावर. मला वाटायचं की हे नाटक पैशाच्या पलीकडचं आहे. परवा पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की ते पानोपान पैशाचंच आहे. खर्च कुणी करायचा, कुणाचा वाटा किती, कुणी किती वर्षं राबलं आणि कुणी मुंबईत बसून फक्त चौकशी केली. यातला प्रत्येक माणूस मनात हिशोब घेऊन फिरतो. फक्त तो मोठ्याने मांडत नाही, आणि मांडलाच तर भांडणात मांडतो.

दुसरी गोष्ट यावेळी पहिल्यांदाच दिसली. पात्रांच्या यादीत एकही बाहेरचा माणूस नाही. सगळी देशपांडे. या वाड्याची आज किंमत काय, असं विचारणारा, हातात टेप घेतलेला, भिंतीवर टिचकी मारून बघणारा कुणी रंगमंचावर येत नाही. ती जागा रिकामी आहे. कॉलेजात ती दिसायचं मला काही कारण नव्हतं. आता मी त्या जागेवर उभा होतो.

●

मराठीत घर विकणारा किंमत 'सांगतो' आणि घेणारा 'मागतो'. "साठ सांगितले, एक्कावन्नला मागितलं." बैलाच्या बाजारातही हेच दोन शब्द आणि लग्नातही मागणीच घालतात. हिंदीत-इंग्रजीत लोक 'ऑफर' देतात, म्हणजे देणारा निदान काहीतरी देत असतो. आपल्याकडे खिशात पन्नास लाखांची तजवीज करून आलेला माणूससुद्धा मागणाराच. मला हे आवडतं. त्यात एक खरेपणा आहे. पण मागणाऱ्याला स्वतःबद्दल फार बरं वाटत नाही, हेही खरं.

आमचं कुटुंब कोल्हापुरात सव्वीस वर्षं भाड्याने राहिलं. चार घरं झाली. बाबा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीला होते. प्रत्येक घर सोडताना आई भिंतीवरचे खिळे काढून, भोकं पांढऱ्या टूथपेस्टने बुजवून चावी द्यायची, मालकाने डिपॉझिटमधून कापू नये म्हणून. मी आता पुण्याच्या एका कंपनीचं काम इथूनच करतो, पगार बरा आहे, तेव्हा घर घ्यायचं माझ्यावर होतं. आईची अट एकच होती : पूर येईल तिथं नको. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्यामुळे हल्ली इथं फ्लॅटची स्कीम कितीही चकचकीत असली तरी लोक आधी पूररेषा विचारतात आणि मग पार्किंग. पेठेतलं हे घर उंचावर होतं. दोन्ही पुरांत त्या गल्लीत पाणी आलं नव्हतं.

मी काय केलं, तर माझ्या पिढीतला कुणीही करेल तेच. एक्सेल उघडलं. एका रकान्यात रेडी रेकनरचा दर, दुसऱ्यात आजूबाजूच्या व्यवहारांचे ऐकीव आकडे, तिसऱ्यात वजावट. ओल, दीड लाख. कौलं बदलणं, दोन लाख. वायरिंग, साठ हजार. आणि खाली एक ओळ होती, जी मी आता डिलीट केली आहे. तिथं लिहिलं होतं, 'घाई : वडील वारले, थोरले पुण्याला जाणार, भावांचं पटत नाही'. त्यापुढे तीन लाख.

म्हणजे 'वाडा चिरेबंदी'त ज्या ज्या गोष्टींनी माझा घसा दाटून आला होता, त्या सगळ्या माझ्या शीटमध्ये वजावटीच्या रकान्यात होत्या. पडकी भिंत, मृत्यू, भावांमधली तेढ. नाटकात ती शोकांतिका आहे. घेणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर तो डिस्काउंट आहे. मी हे स्वतःला झोडपायला लिहीत नाही. पहिलं घर घेणारा माणूस लबाड नसतो, घाबरलेला असतो. वीस वर्षांचा हप्ता डोळ्यांपुढे असतो आणि प्रत्येक लाख म्हणजे पुढच्या काही हजारांचं व्याज. पण नाटकाबद्दल मला पडलेला प्रश्न इथून सुरू झाला. ही रिकामी ठेवलेली जागा नाटकाची ताकद आहे की पळवाट?

●

एलकुंचवारांच्या या नाटकाचं नाव काढलं की चेकॉव्हचं नाव निघतंच, आणि विशेषतः 'चेरी ऑर्चर्ड'चं. १९०४ मध्ये मॉस्कोत पहिल्यांदा झालेलं नाटक. कर्जात बुडालेली इस्टेट, तिला सोडू न शकणारं कुटुंब, सगळं जवळचं. पण एक मोठा फरक आहे. चेकॉव्हने घेणाऱ्याला रंगमंचावर आणलंय.

त्याचं नाव लोपाखिन. त्याचे बाप-आजे याच इस्टेटीवर गुलाम होते. तो या कुटुंबावर प्रेम करतो. पहिल्या अंकापासून तो त्यांना एकच गोष्ट सांगत राहतो : बावीस ऑगस्टला लिलाव आहे, बाग तोडा, जमिनीचे तुकडे पाडून उन्हाळी बंगल्यांना भाड्याने द्या, वर्षाला पंचवीस हजार रूबल सुटतील. तारीख, क्षेत्रफळ, दर, सगळं तोंडपाठ. कुणी ऐकत नाही. त्याचं बोलणं त्यांना असभ्य वाटतं. तिसऱ्या अंकात तो लिलावाहून परत येतो आणि सांगतो की बाग मी घेतली. कर्जाच्या वर नव्वद हजारांची बोली लावून. त्याला एकाच वेळी नाचावंसं वाटतं आणि रडावंसं वाटतं.

बहुतेक समीक्षा लोपाखिनकडे नव्या पैशाचा प्रतिनिधी म्हणून बघते. घर मागायला गेलेल्या माणसाला तो वेगळा दिसतो. अख्ख्या नाटकात घरच्यांना खरा आकडा सांगणारा तो एकटाच आहे. तो त्यांच्यातला नाही म्हणूनच त्याला तो सांगता येतो. घरातल्या घरात आकडा सांगणं म्हणजे भांडण. बाहेरचा सांगतो तेव्हा ती नुसती माहिती असते. कडू असेल, पण तिच्यावर काहीतरी ठरवता येतं.

'वाडा चिरेबंदी'त असा माणूस नाही. त्यामुळे तिथं आकडा सतत असतो आणि कधीच समोर येत नाही. प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याला जास्त मिळालं. मला वाटतं एलकुंचवारांनी दार बंद ठेवलं ते अचूक ठेवलं. बाहेरचा माणूस आत आला असता तर त्या लोकांना एकत्र येऊन ज्याच्यावर रागावता येईल असा कुणीतरी मिळाला असता, आणि नाटक सोपं झालं असतं. ते एकमेकांत कोंडलेलेच राहायला हवे होते. पण याची एक किंमत आहे, आणि ती नाटकातल्या एका पात्राने जास्त मोजलीय. त्याकडे मी येतो.

●

त्याआधी दुसऱ्या टोकाची गोष्ट. भीमसेन यांचा 'घरौंदा', १९७७. कथा शंकर शेष यांची, संवाद गुलजारांचे. आमच्या वयाच्या लोकांना त्यातली गाणी रील्समुळे माहीत असतात, सिनेमा नाही. अमोल पालेकर आणि झरीना वहाब एकाच ऑफिसात काम करतात, पैसे साठवतात, मुंबईत बांधल्या जाणाऱ्या एका इमारतीत फ्लॅटसाठी पैसे भरतात. बिल्डर फसवतो. सोबत पैसे गुंतवलेला मित्र आत्महत्या करतो. मग नायक नायिकेला सुचवतो की तिने त्यांच्या आजारी, श्रीमंत साहेबाशी लग्न करावं, तो काही फार दिवस जगणार नाही. साहेब म्हणजे श्रीराम लागू. ती लग्न करते, आणि हळूहळू त्या घराचीच होते.

हा माझ्या माहितीतला पहिलं घर घेणाऱ्यावरचा सगळ्यात निर्दय सिनेमा आहे. घराची भूक माणसाला कुठवर नेते, हे दाखवताना तो नायकाला अजिबात सूट देत नाही. पण त्याच्यात उलट बाजूची जागा रिकामी आहे. घेणारे दिसतात, विकणारा दिसत नाही. तो पैसे घेतो आणि नाहीसा होतो. 'वाडा'त घर आहे पण घेणारा नाही. 'घरौंदा'त घेणारे आहेत पण घरच नाही. मला हवा होता तो प्रसंग, दोघं एका खोलीत बसलेत आणि मध्ये चहा आणि एक आकडा आहे, तो या दोन्हींत नाही.

'घरौंदा' आला तेव्हा महाराष्ट्रात फ्लॅटधारकांसाठीचा १९६३ चा कायदा होता. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरने किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायचे नाहीत, असं तो सांगत होता. सिनेमातल्या जोडप्याला त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढं रेरा आला, १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला आणि ही मर्यादा १० टक्क्यांवर आली. आज आपण महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकतो आणि मंजुरी, मुदत, खटले बघतो. 'घरौंदा'तल्या भीतीला चाळीस वर्षांनी का होईना, एक वेबसाइट मिळाली.

'वाडा'तल्या भीतीला वेबसाइट नाही. जुनं घर घेताना रेरा नसतो. असतात ती प्रॉपर्टी कार्डावरची नावं आणि ती नावं असलेली माणसं.

●

वकिलांनी प्रॉपर्टी कार्ड बघितलं आणि विचारलं, "तिसरं नाव कुणाचं?"

बहिणीचं. इचलकरंजीला दिलेली, दोघा भावांच्या मधली. भाऊ म्हणाले, "अक्का आमच्या शब्दाबाहेर नाही. ती हक्कसोड करून देणार आहे." हक्कसोडपत्र म्हणजे बहिणीने आपला वाटा भावांच्या नावे सोडल्याचा नोंदणीकृत कागद. बदल्यात काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. साडीचोळी आणि माहेर उघडं राहील हा शब्द.

वकिलांनी मला अर्धा तास कायदा शिकवला. तो ऐकताना मी त्याच नाटकात परत गेलो. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिला होता. वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि देशाने २००५ मध्ये. पण १९५६ च्या कायद्यात एक कलम होतं, तेविसावं. कुटुंब राहतं त्या घरात मुलीचा वाटा असला, तरी पुरुष वारस वाटण्या करायचं ठरवत नाहीत तोवर तिला वाटणी मागता येणार नाही. राहायचा हक्क मात्र आहे, तोही ती अविवाहित, विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळी असेल तरच. हे कलम २००५ मध्ये गेलं.

मी ऐकत होतो आणि डोळ्यांपुढे प्रभा होती. अविवाहित, वाड्यात राहणारी, शिक्षण तोडलेलं, घरात जिला जागा आहे पण जिच्या शब्दाला नाही. आपण तिला एका विझलेल्या बाईचं मानसशास्त्र म्हणून वाचतो. नाटक आलं तेव्हा, १९८५ मध्ये, कायद्यानेही तिला नेमकं तेवढंच दिलं होतं : राहा, पण मागू नकोस. एलकुंचवारांनी कलम बघून पात्र लिहिलं असं मी म्हणत नाही. पण मुलीला घरात ठेवायचं आणि घराबद्दल बोलू द्यायचं नाही, ही जी रीत कलमात आहे, तीच त्या माजघरात आहे.

मी मघाशी म्हणालो की बाहेरच्याला आत न घेण्याची किंमत एका पात्राने जास्त मोजलीय, ते हे. आतल्या हिशोबात भास्करला थोरलेपणा आहे, सुधीरला मुंबई आहे, वहिनीला एका रात्रीपुरतं का होईना सोनं आहे. प्रभाला आकडा सांगायला कुणी नाही.

कायद्याने माझ्यासाठीही एक भूमिका काढून ठेवली आहे, हे त्याच दिवशी कळलं. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला नुसता एक हिस्सा बाहेरच्याने विकत घेतला, तर त्याला त्या घरात घरच्यांसोबत राहायचा हक्क मिळत नाही. तो वाटणीसाठी कोर्टात गेलाच, तर १८९३ च्या विभाजन कायद्याखाली घरातला दुसरा हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीला त्याचा हिस्सा घेऊन त्याला बाहेर काढू शकतो. बाहेरचा तो बाहेरचाच. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर तिघांचं अप्रूव्हल लागणाऱ्या ठिकाणी दोघांनी मर्ज करायला घेतलं होतं, आणि बिल्ड फुटलं तर ते माझ्या नावावर फुटणार होतं.

म्हणून मी म्हणालो, अक्कांना एकदा भेटायचंय. हे न्यायबुद्धीने म्हणालो नव्हतो. टायटल क्लिअर हवं म्हणून म्हणालो होतो.

●

एका रविवारी अक्का आल्या. तोवर आकडा त्रेपन्नवर आला होता. आणखी एक बोलणंही झालं होतं : "चेकने किती आणि रोख किती?" पंधरा रोख द्या, कागदावर अडतीस दाखवू, असं धाकट्यांचं म्हणणं. मी नाही म्हणालो, कारण तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात बँक ८० टक्क्यांच्या वर जात नाही आणि ते टक्केही कागदावरच्या आकड्याचे. अडतीसवर मला कर्जच पुरलं नसतं. याही वेळी चांगुलपणाचा काही संबंध नव्हता.

अक्का पंचावन्नच्या असतील. आल्या त्या थेट मागं गेल्या, न्हाणीचं दार ढकलून बघितलं, परत येऊन बसल्या. माझी आई सोबत होती. तिला म्हणाल्या, "पाणी सकाळी सहाला येतंय बघा इथं, भरून ठेवायला लागतंय." मग माझ्याकडे वळल्या.

"आकडा किती ठरलाय रे बाळा?"

मी भावांकडे बघितलं. धाकटे मोबाइलमध्ये बघत होते. थोरले भिंतीकडे.

"ह्यांनी मला सांगितलेला नाही," अक्का म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. पाण्याची वेळ सांगितली तशाच बोलल्या.

आकडा टाकल्यावर गप्प बसायचं, हे मी शिकलो होतो. आकडा कुणाला सांगायचा नाही, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "त्रेपन्न लाख. सगळे चेकने."

त्यांनी बहुतेक तीन सेकंद घेतले. "म्हणजे माझे सतरा लाख सहासष्ट हजार." वरचे सोडून दिले. मग म्हणाल्या, "मग हक्कसोड कशाला? मी पण विकतेच की."

कुणीच काही बोललं नाही. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला वाटलं असणार की घर गेलं. मलाही वाटलं. चहा आला, तो सगळ्यांनी घेतला, आणि उठताना थोरले मला म्हणाले, "तुम्हाला काय गरज होती?" यात शिवी नव्हती, खराच प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. विचारल्यावर सांगितलं, एवढंच. घरातलं कुणी सांगू शकत नव्हतं कारण घरातल्या प्रत्येकाला त्या आकड्यातून काहीतरी हवं होतं. मलाही हवं होतं. पण मला हवं असलेलं तिघांच्या सहीशिवाय मिळणार नव्हतं, आणि तेवढ्यामुळे त्या खोलीत तिच्या कामी येणारा मी एकटाच होतो.

'वाडा'ची रिकामी जागा मला त्या दिवशी नीट समजली. मला आधी वाटलं होतं की तिथं एक गिधाड उभं असतं आणि नाटककाराने त्याला आत येऊ दिलं नाही. गिधाडपण आहेच, माझी डिलीट केलेली ओळ त्याचा पुरावा आहे. पण त्याच माणसाला सगळ्यांसमोर एकच आकडा म्हणावा लागतो. थोरल्याला एक आणि बहिणीला दुसरा असं त्याला परवडत नाही. किंमत ही क्रूर गोष्ट असेल, पण ती उघडी झाली की तीनने भागता येते. इभ्रत भागता येत नाही. देशपांड्यांच्या वाड्यात भागण्यासारखं काही कुणी मांडलंच नाही, म्हणून रंजूने डबा उचलला, असंही मला आता वाटतं. त्या घरात वाटणी करायचा तेवढाच एक मार्ग उरला होता.

●

दोन महिने फोन आला नाही. मी आणखी तीन फ्लॅट बघितले. कंपास बॉक्ससारखे, स्वच्छ, आणि कुठल्याच भिंतीवर कुणाची खाट नसलेले.

मग थोरल्यांचा फोन आला. "तिघं सह्या करणार. पण ओलीचे कापलेले तेवढे परत द्या."

दीड लाख. एक्सेलमध्ये बघितलं तर ते बसत नव्हते. ती गादी, तो फ्रिज आणि माझी पुढच्या वर्षीची बाइक असे काढून बसवले. साडेचोपन्न. घर आईच्या आणि माझ्या नावाने घ्यायचं ठरलं. वकिलांनी पेपरला जाहीर नोटीस दिली, 'तमाम लोकांस कळविण्यात येते' अशी सुरुवात असलेली. तिच्यात मी 'आमचे अशील' होतो. घेणाऱ्याला मराठी छापील मजकुरात मी आजवर बघितलेली ही एकमेव भूमिका, आणि तिच्यातही त्याला नाव नसतं.

नाव येतं ते संचकारपत्रात. आमच्याकडे बयाण्याच्या कराराला संचकार म्हणतात. या कागदाने घर माझं होत नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा स्पष्ट सांगतो की विक्रीच्या कराराने मिळकतीत कसलाही हक्क तयार होत नाही, तो खरेदीखतानेच. तरीही मी तो मसुदा संहितेसारखा वाचला. वर दोन भाग असतात, पात्रपरिचय म्हणा. एका बाजूला 'लिहून देणार', दुसऱ्या बाजूला 'लिहून घेणार'. प्रत्येकाचं वय, धंदा, पत्ता. दोन्ही बाजू एका पानावर. मी शोधत होतो तो प्रसंग या रटाळ, विरामचिन्हं नसलेल्या, एकेक वाक्य पाऊण पानाचं असलेल्या गद्यात होता.

वकिलांच्या टायपिस्टने पहिल्या मसुद्यात अक्कांना 'संमती देणार' म्हणून शेवटी घातलं होतं. सवयीने. त्या चष्मा लावून वाचत होत्या. बोट ठेवून म्हणाल्या, "हे बदला. मला लिहून देणारमध्ये घ्या."

नवीन प्रिंट काढेपर्यंत आम्ही सहाजण बाहेरच्या बाकावर बसलो. लाइट गेली होती, इन्व्हर्टरवर प्रिंटर चालत नव्हता. थोरले माझ्या शेजारी होते. थोड्या वेळाने म्हणाले, "ती ओल वरच्या पन्हाळीची आहे. भिंत फोडू नका. पन्हाळ बदला, दोन हजारांचं काम आहे."